मृतांच्या ग्रंथी आणि जिवाणूंचे औषध

गेल्या पावसाळ्यातील एका संध्याकाळी आमच्या धर्मग्रामातील एक माता ओली छत्री मिटत आमच्या निवासाच्या पायरीवर येऊन उभी राहिली. बर्फाच्या पिशवीत गुंडाळलेला पुठ्ठ्याचा एक लहानसा डबा तिने छातीशी धरला होता. गावातली वीज दुपारपासून गेलेली, घरातला फ्रीज बंद, आणि डब्यातले इंजेक्शन थंड राहिले नाही तर वाया जाणार. आमच्याकडे जनरेटर आहे हे ठाऊक असल्याने ती आली होती. तिचा मुलगा आम्हांस चांगला परिचयाचा. पहिल्या कम्युनियनच्या रांगेत तो उंचीने सर्वांत लहान होता, आणि उत्तरे देण्यात सर्वांत पुढे. शरीरात वाढीचे संप्रेरक तयार होत नाही म्हणून डॉक्टरांनी त्याला रोज रात्री एक इंजेक्शन सांगितले आहे.

डबा फ्रीजमध्ये ठेवून आम्ही परतलो तरी ती माता तिथेच घुटमळत होती. "फादर, एक विचारू का? शेजारची म्हणते, हे औषध मेलेल्या माणसांच्या डोक्यातून काढतात. खरं का हो?"

आम्ही डब्यावरचा बारीक मजकूर पुन्हा वाचून पाहिला आणि तिला सांगितले, "नाही बाय. हे जंतूंकडून करवून घेतलेलं औषध आहे." तिच्या मुद्रेवरून दिसले की तिचे समाधान झाले नव्हते. मेलेल्या माणसापेक्षा जंतू तिला अधिक भयंकर वाटले असावेत. शेजारीण चुकली होती खरी. पण १९८५ सालापर्यंत तिचे म्हणणे जगभर अगदी बरोबर ठरले असते. त्या संध्याकाळी आम्ही त्या मातेला एवढेच सांगू शकलो. उरलेला इतिहास उंबरठ्यावर उभे राहून सांगण्याजोगा नव्हता, म्हणून तो येथे लिहीत आहोत.

मेंदूच्या तळाशी, नाकाच्या मुळाच्या मागे, कवटीच्या हाडातल्या एका खोबणीत वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. मराठीत तिला पीयूषिका म्हणतात, डॉक्टर पिट्युटरी म्हणतात. तिच्यातून निघणारी संप्रेरके, म्हणजे रक्तात मिसळून दूरच्या अवयवांना आज्ञा पोचवणारी रसायने, शरीराचे अनेक व्यवहार चालवतात, आणि वाढ हा त्यांतलाच एक. १९२१ साली कॅलिफोर्नियातील बर्कली येथे हर्बर्ट इव्हान्स आणि जोसेफ लाँग यांनी बैलांच्या पीयूषिकेचा अर्क उंदरांना टोचला, तेव्हा ते उंदीर आपल्या भावंडांच्या मानाने राक्षसी वाढले. १९४४ साली त्याच इव्हान्स यांच्यासमवेत चो हाओ ली या चिनी रसायनशास्त्रज्ञाने बैलाच्या ग्रंथीतून हे संप्रेरक शुद्ध स्वरूपात वेगळे केले. डुकराच्या स्वादुपिंडातले इन्सुलिन माणसाला चालते, तेव्हा बैलाचे हेही चालेल, अशी डॉक्टरांची अपेक्षा होती. न वाढणाऱ्या मुलांना ते टोचून पाहिले गेले, आणि काहीच घडले नाही. १९५६ च्या सुमारास कारण उलगडले. या संप्रेरकाच्या बाबतीत निसर्ग जातिभेद पाळतो. माकडाची वाढ माकडाच्या संप्रेरकाने होते, आणि माणसाची वाढ केवळ माणसाच्याच, किंवा फार तर त्याच्या जवळच्या वानरकुळाच्या, संप्रेरकाने.

मग माणसाची पीयूषिका आणायची कोठून? जिवंत माणसाची काढता येत नाही. म्हणजे शवागार हाच एक मार्ग उरला.

बॉस्टनमधील टफ्ट्स विद्यापीठाचे मॉरिस रेबन यांनी मृतांच्या ग्रंथींपासून संप्रेरक काढण्याची एक सोपी रीत बसवली. त्यासाठी ते तीव्र अ‍ॅसेटिक आम्ल वापरीत, म्हणजे व्हिनेगरमध्ये जे सौम्य रूपात असते तेच. त्यांनी सतरा वर्षांच्या एका खुजा मुलाला ते टोचले आणि त्याची थांबल्यासारखी वाढ पुन्हा वेगाने सुरू झाली. १९५८ साली हे वृत्त प्रसिद्ध झाले, आणि ज्यांच्या घरी असे मूल होते त्या आईबापांनी डॉक्टरांची दारे ठोठावण्यास सुरुवात केली.

येथून एक विलक्षण प्रकरण सुरू होते. एका मृतदेहातून एक ग्रंथी, त्या ग्रंथीतून काही मिलिग्रॅम संप्रेरक. आणि एका मुलाच्या एका वर्षाच्या उपचाराला कित्येक डझन ग्रंथी. काही पालक स्वतः विकृतिशास्त्रज्ञांच्या भेटी घेत, पत्रे लिहीत, ग्रंथी गोळा करीत. हा गोंधळ आवरण्यासाठी अमेरिकेत १९६३ साली नॅशनल पिट्युटरी एजन्सी स्थापन झाली. शवविच्छेदन करणारे डॉक्टर ग्रंथी जतन करून पाठवीत, त्यांचा अर्क एकत्र काढला जाई आणि तयार औषध निवडक मुलांना विनामूल्य मिळे. पुरवठा इतका अपुरा की मुलाने ठरावीक उंची गाठली की इंजेक्शने बंद होत, त्याची वाढ अजून शिल्लक असली तरीही. १९८५ पर्यंत अमेरिकेत सुमारे ७,७०० मुलांनी हे औषध घेतले. ब्रिटनमध्ये १९५९ पासून सुमारे १,८५० जणांनी घेतले. फ्रान्समध्येही अशीच एक संघटना काम करीत होती.

ग्रंथी काढताना मृताच्या नातलगांना विचारले जाई काय? बहुतेक ठिकाणी नाही. शवविच्छेदनाच्या परवानगीतच सारे आले, अशी समजूत होती. आणि ब्रिटनमध्ये शवागारातील नोकरांना दर ग्रंथीमागे थोडकी रक्कम मिळे. पोप बारावे पायस यांनी १४ मे १९५६ रोजी, म्हणजे रेबन यांचा शोध प्रसिद्ध होण्याआधी दोन वर्षे, इटलीतील नेत्रदात्यांच्या आणि अंधांच्या संघटनांसमोर या विषयावर भाषण केले होते. मृतदेह ही व्यक्ती नव्हे, त्याचा भाग दुसऱ्याच्या उपकारासाठी घेण्यात पाप नाही, हे त्यांनी मान्य केले. मात्र तो देह कधीकाळी अमर आत्म्याचे निवासस्थान होता, त्याला वस्तूसारखे वागवू नये आणि नातलगांच्या संमतीवाचून त्यातले काही घेऊ नये, असेही त्यांनी बजावले. डोळ्यांविषयी जे बोलले गेले ते ग्रंथींविषयी कोणाच्या ध्यानात आले नाही. डोळा दिसतो, वाटाण्याएवढी ग्रंथी कोणास दिसते? आजवर आम्ही कित्येक शवपेट्यांवर पवित्र जल शिंपडले आहे. शवविच्छेदन होऊन आलेल्या देहातून काय घेतले गेले, हे विचारणे आम्हांलाही कधी सुचले नाही, हे प्रांजळपणे कबूल करतो.

आता थोडे जंतूंकडे वळू. माणसाच्या मोठ्या आतड्यात एशेरिकिया कोलाय नावाचे जिवाणू राहतात, त्यांना ई. कोलाय म्हणण्याची प्रथा आहे. त्यांच्या काही जाती रोग करतात, पण बहुसंख्य निरुपद्रवी असतात. के-१२ हा त्यांचा प्रयोगशाळेतला वंश १९२२ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात एका रुग्णाच्या विष्ठेतून मिळवला गेला आणि पुढे जगभरच्या शास्त्रज्ञांचा पाळीव प्राणी होऊन बसला. चांगले खाद्य मिळाले की एका जिवाणूचे वीस मिनिटांत दोन होतात. रात्री पेरावे आणि सकाळी अब्जावधी कापावेत, असे हे पीक.

याच स्टॅनफर्डमधील स्टॅन्ली कोहेन आणि सॅन फ्रान्सिस्कोतील हर्बर्ट बोयर यांची १९७२ च्या नोव्हेंबरात होनोलुलू येथील एका परिषदेत गाठ पडली. रात्री खाण्याच्या टेबलावर गप्पा रंगल्या आणि दोघांच्या ध्यानात आले की आपण एकाच कुलपाच्या दोन चाव्या घेऊन हिंडत आहोत. कोहेन यांच्याकडे प्लाझ्मिड होते. प्लाझ्मिड म्हणजे जिवाणूच्या पेशीत मुख्य गुणसूत्रापासून अलग राहणारे डीएनएचे लहान कडे, जे एका जिवाणूतून काढून दुसऱ्यात घालता येते. बोयर यांच्याकडे डीएनए ठरावीक जागी कापणारे विकर होते. कड्यात एक काप घ्यायचा, तेथे परके जनुक सांधायचे आणि ते कडे जिवाणूत परत सोडायचे. जिवाणू आपल्या डीएनएबरोबर या पाहुण्याचीही नक्कल करीत राहतो. १९७३ साली त्यांनी हे करून दाखवले.

लॅटिन मिस्सेच्या काळी वेदीवर सेवा करणारी पोरे लॅटिन प्रतिसाद धडाधड म्हणत, अर्थ मात्र एकालाही ठाऊक नसे, असे वडीलधारी मंडळी हसून सांगत. जिवाणूचे तसेच आहे. जनुकात लिहिलेली अमिनो आम्लांची माळ तो वाचतो आणि त्याप्रमाणे प्रथिन ओवतो. हे प्रथिन कोणाचे, कशासाठी, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. लिपी एकच आहे. माणसाची आणि जिवाणूची निरनिराळी नाही. विश्वनिर्मितीच्या या एकलिपीपणाचे आम्हांस आजही नवल वाटते.

१९७६ च्या एप्रिलात बोयर आणि अठ्ठाविशीच्या आसपासचा रॉबर्ट स्वानसन नावाचा एक उत्साही तरुण यांनी प्रत्येकी पाचशे डॉलर घालून जेनेन्टेक ही कंपनी काढली. आधी लहान काम हाती घेतले गेले. सोमॅटोस्टॅटिन हे अवघ्या चौदा अमिनो आम्लांचे संप्रेरक. गंमत अशी की ते वाढीच्या संप्रेरकाला आवर घालते. मेंढ्यांच्या मेंदूंतून ते पहिल्यांदा मिळवताना लाखो मेंदू खर्ची पडले होते. लॉस एंजेलिसजवळच्या सिटी ऑफ होप या संस्थेत केइची इताकुरा आणि आर्थर रिग्ज यांनी त्याचे जनुक रसायनांतून, एकेक अक्षर जुळवून, तयार केले. पहिला प्रयत्न फसला. जिवाणूने ते इवलेसे परके प्रथिन तयार होताच खाऊन टाकले असावे. मग त्यांनी एक युक्ती केली. ते प्रथिन जिवाणूच्या स्वतःच्या एका मोठ्या प्रथिनाच्या शेपटीला जोडले. जिवाणूने ते आपले समजून राखले आणि बाहेर काढल्यावर शास्त्रज्ञांनी शेपटी कापून घेतली. १९७७ साली मानवी शरीरातले एक संप्रेरक प्रथमच जिवाणूकडून मिळाले. पुढल्याच वर्षी इन्सुलिन साधले, आणि १९८२ च्या ऑक्टोबरात ते औषध म्हणून मान्यही झाले.

वाढीचे संप्रेरक मात्र १९१ अमिनो आम्लांचे. एवढे लांब जनुक अक्षर अक्षर जुळवून करणे त्या काळी जवळजवळ अशक्य होते. माणसाच्या गुणसूत्रातून सरळ उचलावे तर त्यात मध्येच असा मजकूर असतो की जो मानवी पेशी वाचण्याआधी गाळून टाकते आणि जिवाणूला तो गाळता येत नाही. यावर तोड अशी निघाली की पेशीने गाळून तयार केलेली अंतिम प्रत, म्हणजे संदेशवाहक आरएनए, पीयूषिकेतून घ्यायची आणि तिच्यावरून उलट डीएनए लिहून काढायचे. डेव्हिड गोडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्या चोवीस अमिनो आम्लांपुरते जनुक रसायनांतून घडवले, उरलेला भाग पीयूषिकेच्या आरएनएवरून उतरवला आणि दोन्ही तुकडे सांधले. १९७९ च्या ऑक्टोबरात 'नेचर' या नियतकालिकात हे यश प्रसिद्ध झाले. स्वीडनमधील काबी ही कंपनी मृतांच्या ग्रंथींपासूनचे औषध विकत असे. या संशोधनाला पैसा तिनेच पुरवला होता. उद्या शवागारे पुरी पडणार नाहीत, हे तिने ओळखले होते.

हे संप्रेरक जिवाणूला मानवले याला एक कारण आहे. आपल्या शरीरातील पुष्कळ प्रथिनांवर पेशी साखरेच्या साखळ्या चढवते, आणि ही कलाकुसर ई. कोलायला येत नाही. रक्तपेशी वाढवणारे एरिथ्रोपोएटिन त्यामुळेच जिवाणूत न करता प्राण्यांच्या पेशींत करावे लागते. वाढीच्या संप्रेरकाला अशा साखरेची गरज नसते. अडचण दुसरीच होती. जिवाणू प्रथिन ओवण्याची सुरुवात मेथिओनिन या अमिनो आम्लाने करतो आणि येथे ते टोकाला तसेच चिकटून राहिले. म्हणजे १९१ ऐवजी १९२ मणी. सुरुवातीच्या औषधात जिवाणूंचे काही अवशेषही उरत, आणि पुष्कळ मुलांच्या रक्तात त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार झाली. शुद्धीकरण सुधारता सुधारता वर्षे चालली. मृतांच्या ग्रंथींपासूनचे औषध उपलब्ध होतेच, आणि जिवाणूंच्या औषधाची कोणास फारशी घाई दिसत नव्हती.

येथे एका रात्रीची हकिकत सांगितली पाहिजे, जरी ती उजेडात आली वीस वर्षांनंतर. पीटर झेबुर्ग हे जर्मन संशोधक प्रथम सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठात होते. तेथील चमूने शस्त्रक्रियेत काढलेल्या पीयूषिकेच्या गाठींतून याच जनुकाची प्रत मिळवली होती. पुढे झेबुर्ग जेनेन्टेकमध्ये गेले, आणि १९७८ साल सरता सरता एका मध्यरात्री विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत जाऊन काही नमुने घेऊन आले. विद्यापीठाने पेटंटभंगाचा दावा लावला. १९९९ साली खटला उभा राहिला तेव्हा झेबुर्ग यांनी शपथेवर सांगितले की कंपनीचे स्वतःचे प्रयत्न फसल्यावर विद्यापीठाची प्रत वापरली गेली आणि 'नेचर'मधील लेखात जनुकाच्या उगमाविषयी लिहिलेले खरे नव्हते. गोडेल यांनी याचा इन्कार केला. आपण स्वतंत्रपणे ते जनुक मिळवले, असे त्यांचे म्हणणे. पंचांचे एकमत झाले नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात कंपनीने दोष मान्य न करता वीस कोटी डॉलर देऊन तडजोड केली. न्यायालयाने जे ठरवले नाही ते आम्ही ठरवणार नाही. परंतु सेमिनरीत नीतिशास्त्र शिकवणारे आमचे गुरुजी साध्य आणि साधन यांची फोड करताना नेहमी चोरलेल्या भाकरीचे उदाहरण देत. त्यांना ही हकिकत सांगता आली असती तर त्यांनी भाकरी बाजूला ठेवली असती.

१९८४ च्या उन्हाळ्यात स्टॅनफर्डच्या डॉक्टरांपुढे वीस वर्षांचा एक तरुण आला. बालपणापासून त्याने वर्षानुवर्षे वाढीचे संप्रेरक घेतले होते. प्रथम त्याला भोवळ येऊ लागली, मग तोल जाऊ लागला, बोलणे अडखळू लागले. नोव्हेंबरात तो वारला. त्याच्या मेंदूची तपासणी झाली तेव्हा निदान निघाले क्रॉइट्सफेल्ट-याकोब रोगाचे. या रोगात मेंदू स्पंजासारखा सच्छिद्र होतो. त्यावर उपाय नाही आणि तो सहसा साठीच्या पुढच्या माणसांना होतो. विशीतला रुग्ण म्हणजे अनर्थाची खूणच. त्याच्यावर वाढीचे उपचार करणारे रेमंड हिन्ट्झ यांनी फेब्रुवारी १९८५ मध्ये सरकारी अधिकाऱ्यांना पत्र लिहिले की दोष कदाचित संप्रेरकातच असेल. आपणच दिलेल्या औषधावर असे बोट ठेवायला धैर्य लागते. थोड्याच आठवड्यांत आणखी दोन मृत्यूंची वार्ता आली आणि एप्रिलमध्ये अमेरिकेतील वाटप थांबवण्यात आले. ब्रिटननेही लगोलग थांबवले.

या रोगाचे कारण ना जंतू, ना विषाणू. ते एक वेडेवाकडे घडी पडलेले प्रथिन आहे. ते शेजारच्या निरोगी प्रथिनांनाही तशीच घडी घालायला लावते. स्टॅन्ली प्रुसिनर यांनी १९८२ साली त्याला 'प्रिऑन' हे नाव दिले आणि १९९७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. उकळण्याने ते नष्ट होत नाही, फॉर्मालिनने नाही. हजारो ग्रंथी एकाच पात्रात घातल्या जात. त्यांतली एक जरी अशा रुग्णाची असली तरी सारा घाणा दूषित होई. दाता अनामिक, घेणारा अनामिक. कोणाकडून कोणाला काय गेले हे शोधण्याचा मार्गच नव्हता.

धोक्याची सूचना मिळाली नव्हती असेही नाही. मेंढ्यांतील स्क्रेपी या तशाच रोगाचा अभ्यास करणारे एडिनबरोचे अ‍ॅलन डिकिन्सन यांनी १९७६ सालीच ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेला कळवले होते की ग्रंथींतून असा रोग जाऊ शकेल. तपासण्या सुरू झाल्या, समित्या बसल्या, आणि इंजेक्शने चालूच राहिली. लंडनच्या न्यायालयाने १९९६ साली सरकारला यासाठी हलगर्जीपणाचा दोषी ठरवले. अमेरिकेत १९७७ पासून शुद्धीकरणाची नवी पद्धत आली होती. ती आणली होती अधिक संप्रेरक मिळावे म्हणून आणि ते शुद्ध असावे म्हणून, प्रिऑनचा विचार कोणाच्या मनातही नव्हता. तरीही ज्यांचे उपचार त्यानंतर सुरू झाले अशा अमेरिकन मुलांत या रोगाची एकही निश्चित नोंद झालेली नाही. त्याआधीच्यांतून ३५ जण दगावले. ब्रिटनमध्ये हा आकडा ऐंशीच्या घरात गेला. फ्रान्सची कहाणी सर्वांत दुःखद आहे. काही ग्रंथी वृद्धांच्या आणि मज्जारोग्यांच्या दवाखान्यांतून घेतल्या गेल्या होत्या, आणि इतर देशांनी औषध थांबवल्यावरही जुना साठा काही काळ वापरात राहिला. शंभराहून अधिक तरुण तेथे मेले. २००९ साली पॅरिसच्या न्यायालयाने आरोपी डॉक्टरांना आणि अधिकाऱ्यांना दोषमुक्त केले. २०११ मध्ये अपिलातही तोच निकाल लागला. न्यायालयाच्या पायऱ्यांवर उभ्या असलेल्या आईबापांना त्या संध्याकाळी काय वाटले असेल, हे आम्हांस सांगता येणार नाही. आपल्याच हाताने, आठवड्यातून दोन-तीनदा, मुलाच्या दंडात सुई टोचणारे तेच होते.

एप्रिल १९८५ मध्ये शवागाराचे दार बंद झाले आणि ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जेनेन्टेकच्या जिवाणूजन्य संप्रेरकाला मान्यता दिली. 'नेचर'मधील लेखाला तेव्हा बरोबर सहा वर्षे झाली होती. औषध तेच, कंपनी तीच. बदलली होती ती निकड. १९८७ साली इली लिली या कंपनीने जादा मणी नसलेले, १९१ अमिनो आम्लांचे संप्रेरक बाजारात आणले. पुढे पुढे असेच औषध सर्वत्र रूढ झाले, आणि त्या माउलीच्या डब्यातले तेच आहे. त्यात कोणाच्याही मेंदूचा अंश नाही. पोलादी टाक्यांत जिवाणू वाढवतात, त्यांना फोडतात, प्रथिन वेगळे करतात, पुनःपुन्हा गाळतात. ज्या आतड्यातल्या जंतूची आपण किळस करतो त्याने मनुष्याच्या शवापेक्षा निर्मळ औषध दिले, हे खरे आहे.

पण टंचाई संपली की वेगळाच मोह उभा राहतो. पूर्वी औषध थोडे आणि मुले फार. आता औषध मुबलक झाले आणि मुले शोधावी लागली. संप्रेरकाची उणीव नसलेल्या, केवळ बुटक्या मुलांसाठी ते खपवण्याचा प्रयत्न झाला. मान्यता नसलेल्या उपयोगांसाठी प्रचार केल्याचा गुन्हा जेनेन्टेकने १९९९ साली कबूल केला आणि पाच कोटी डॉलर भरले. १९९० साली बारा वृद्धांवरील एका छोट्या प्रयोगात त्यांचे स्नायू वाढल्याचे दिसले, आणि त्यावरून चिरतारुण्याची दुकाने उघडली गेली. २००३ मध्ये अमेरिकेत, निरोगी असूनही फार बुटक्या राहतील अशा मुलांसाठी एका कंपनीचे औषध अधिकृतपणे मान्य झाले. उंची कमी असणे हा रोग केव्हा होतो? डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून आम्ही याचे उत्तर देणार नाही. परंतु लग्नाच्या जाहिरातींत उंची फुटा-इंचात लिहिणाऱ्या आमच्या समाजाने हा प्रश्न परक्यांचा मानू नये.

याच जिवाणूने काही मुलांना मात्र असे काही दिले की जे त्यांना शवागारातूनही मिळाले नसते. वाढीचे संप्रेरक हाडांवर स्वतः थोडेच काम करते. बरेचसे काम ते यकृताकडून आयजीएफ-१ नावाचा सत्तर अमिनो आम्लांचा वृद्धिघटक निर्माण करवून साधते. इस्रायलचे झ्वी लारोन यांनी १९६६ साली अशा बालकांचे वर्णन केले की ज्यांच्या रक्तात संप्रेरक भरपूर, तरी वाढ नाही. संप्रेरकाची हाक त्यांच्या यकृताला ऐकूच येत नव्हती. अशा लोकांचा एक मोठा समूह एक्वाडोरच्या दक्षिण भागातील डोंगराळ खेड्यांत आहे. स्पेनमधील छळाच्या काळात देशोधडीला लागलेल्या, बाप्तिस्मा घ्यावा लागलेल्या यहुद्यांचे ते वंशज असावेत असे संशोधक मानतात. इस्रायलमधील एका रुग्णातही तोच जनुकदोष सापडला आहे. ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांनी ज्यांना पळायला लावले त्यांची पुढची पिढी त्या डोंगरांत चर्चच्याच सावलीत वाढली, हे वाचताना आम्ही क्षणभर थांबलो. ई. कोलायकडून तयार केलेला आयजीएफ-१ अशा मुलांसाठी २००५ साली अमेरिकेत मान्य झाला.

मृतांच्या ग्रंथींचा हिशेब मात्र अद्याप मिटलेला नाही. क्रॉइट्सफेल्ट-याकोब रोग इंजेक्शनानंतर तीस-चाळीस वर्षांनीही उद्भवू शकतो, म्हणून १९८५ पूर्वीच्या त्या मुलांवर, जी आता पन्नाशी-साठीकडे झुकली आहेत, डॉक्टरांची नजर अजून आहे. २०१५ मध्ये लंडनच्या जॉन कॉलिंज यांच्या संशोधकगटाला या रोगाने मेलेल्या काही तरुणांच्या मेंदूंत अल्झायमर रोगात दिसणाऱ्या अमायलॉइड प्रथिनाचे साठे आढळले. एवढ्या कमी वयात ते आढळायला नको होते. पोर्टन डाउन येथील सरकारी संस्थेत जुन्या संप्रेरकाच्या काही कुप्या इतकी वर्षे जपून ठेवलेल्या होत्या. २०१८ मध्ये त्या तपासल्या तेव्हा त्यांतल्या काहींत ते प्रथिन निघाले. उंदरांच्या मेंदूत टोचल्यावर तेथेही ते साचू लागले. आणि २०२४ साली त्याच गटाने पाच रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. लहानपणी त्यांनी ती इंजेक्शने घेतली होती, आणि आता अडतीस ते पंचावन्न या वयात त्यांची स्मृती जाऊ लागली होती.

त्या संध्याकाळी वीज रात्री नऊच्या सुमारास आली. मुलगा स्वतःच डबा न्यायला आला आणि आमच्या फ्रीजमध्ये आइस्क्रीम का नाही, असे विचारून गेला.